जुन्या सर्व्हरचं कॅबिनेट, आत नवा कॉम्प्युटर: खाऱ्या वाऱ्याच्या गावात पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग, कुठंही जा. पतसंस्थेची, कॉलेजची किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याची यंत्रणा बदलली की जुना सर्व्हर आधी मागच्या खोलीत जातो आणि दोन-तीन पावसाळे काढून भंगारात. तिथं त्याला किलोचा भाव लागतो. आतला मदरबोर्ड खरंच त्याच लायकीचा झालेला असतो. दोन जुने झिऑन प्रोसेसर असलेलं यंत्र नुसतं बसून १५० वॅट खात असेल, तर दिवसरात्र चालवून महिन्याला १०८ युनिट होतात. तेवढंच काम आज ५० वॅटमध्ये म्हणजे ३६ युनिटमध्ये आटपतं.

पण बाहेरचा सांगाडा ही वेगळी गोष्ट आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कॅबिनेटचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो, बाजूचं झाकण दोन बोटांनी वाकतं. सर्व्हरचा पत्रा साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड, जस्ताचा मुलामा दिलेला. हवा पुढून घेऊन मागून बाहेर टाकायची रचना कारखान्यातूनच ठरलेली आणि सात-आठ हार्डडिस्क सहज मावतील एवढी जागा. आमच्याकडचा एक वेल्डिंगवाला असलं कॅबिनेट उलटंपालटं करून बघतो आणि दर वेळी तेच म्हणतो, "असलो पत्रो आता खय गावता?"

तेव्हा विकत काय घ्यायचं ते आधीच मनाशी पक्कं करा: पत्रा, त्यावरची भोकं आणि हवेचा रस्ता. बाकी जे काही सोबत येईल ते फुकटात आलंय असं समजा. चाललं तर वापरा, नाहीतर काढून टाका. एवढं धरून राहिलात तर फसण्याची शक्यता निम्म्यानं कमी होते.

कोणतं घ्यायचं

सर्व्हरची उंची 'यू'मध्ये मोजतात. १यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. रुंदी रॅकच्या मापाची, १९ इंच. आता हिशेब करा. १यूमध्ये प्रोसेसर थंड ठेवणारा साधा कूलर बसत नाही, त्यातले ४० मिलिमीटरचे पंखे शिट्टी मारतात आणि ग्राफिक्स कार्ड आडवं टाकावं लागतं. फुकट मिळालं तरी १यू घरी आणू नका. २यूमध्ये कूलरला साधारण ६५ मिलिमीटर उंची मिळते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या डब्यातून येणारा ५४ मिलिमीटरचा कूलर त्यात बसतो, पण वर हवा ओढायला जागा कमी उरते. ४यूमध्ये १५० मिलिमीटरच्या आसपासचा कूलर चालतो, साधा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बसतो, पूर्ण उंचीची कार्डं उभी राहतात. नवख्यानं ४यू घ्यावं किंवा सर्व्हरचं उभं टॉवर कॅबिनेट. पहिल्या कामाला दुसरं काही नको.

यानंतर कंपनी बघायची. डेलचे पॉवरएज आणि एचपीचे प्रोलायंट आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतात आणि पुनर्वापराला तेच सगळ्यात अवघड. त्यांचे मदरबोर्ड बहुतेक वेळा स्वतःच्या आकाराचे, एसएमपीएसचे प्लग स्वतःचे, पंख्यांच्या पिना स्वतःच्या. भोकं जुळत नाहीत, पोर्टसाठीची मागची खिडकी जुळत नाही. ग्राइंडर चालवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. सुपरमायक्रो, चेनब्रो, इंटेलची काही टॉवर कॅबिनेट आणि स्थानिक असेंब्लरनं बनवलेले बिनछापाचे सर्व्हर बहुतांशी एटीएक्स या मदरबोर्डच्या प्रमाण मापावर किंवा त्याच्याच मोठ्या भावंडाच्या मापावर असतात. शोधायचे ते हे.

एटीएक्स हे माप इंटेलनं १९९५ साली आणलं आणि आजही नवे मदरबोर्ड तेच पाळतात. हा सगळा खटाटोप शक्य होतो तो त्यामुळंच. पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. लहान बोर्डांची मुख्य भोकं मोठ्याच्या भोकांवरच पडतात. मिनी आयटीएक्सची तर चारही.

भंगारवाल्याकडे जाताना

सोबत मेजरिंग टेप, टॉर्च, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि बंद पडलेला एखादा एटीएक्स किंवा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड घेऊन जा. मेलेला मदरबोर्ड कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे मागितला तर बहुधा चहाच्या मोबदल्यात मिळतो. तो कॅबिनेटात ठेवून बघा. पाठीमागचे यूएसबी आणि लॅनचे पोर्ट खिडकीशी येतात का? निदान सहा भोकं स्टँडऑफवर, म्हणजे बोर्ड ज्यांवर उभा राहतो त्या खुंट्यांवर, बसतात का? पाच मिनिटांत निकाल लागतो, आणि कुठल्याही वेबसाइटवरच्या मॉडेल क्रमांकापेक्षा हा निकाल खात्रीचा.

मग गंज बघा. वरचं झाकण नाही, तळ. कॅबिनेट उपडं करा, रबरी पाय किंवा रेलच्या पट्ट्या जिथं लागतात तिथं टॉर्च मारा. पांढरी पिठासारखी भुकटी दिसली तर जस्त झिजायला लागलंय, लोखंड अजून शाबूत आहे. घ्यायला हरकत नाही. लालसर डाग कडांना आणि स्क्रूच्या भोकांशी असतील तरी चालेल, कारण कापलेल्या कडेला जस्ताचं संरक्षण कमी पडतं आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. पण सपाट पत्र्याच्या मधोमध फोड आले असतील, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवल्यावर पापुद्रा निघत असेल, तर सोडून द्या.

चिपळूण-खेडच्या बाजूचा माल असेल तर आणखी एक गोष्ट. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत किती सामान पाण्याखाली गेलं ते सांगायला नको. त्यातलं काही अजूनही फिरतं. पुराचा गाळ वरून पुसला तरी पत्र्याच्या दुहेरी घड्यांत, डिस्कच्या कप्प्यांच्या मागं आणि रिव्हेटच्या भोवती बारीक मातीची रेघ राहते. ती दिसली तर बॅकप्लेन (डिस्क जिच्यात खुपसतात ती सर्किटची पाटी) आणि एसएमपीएसची किंमत शून्य धरूनच सौदा करा.

शेवटी डिस्कचे ट्रे मोजा. पुढं आठ कप्पे आहेत आणि ट्रे तीनच, असं नेहमी होतं. जुन्या मॉडेलचे ट्रे सुटे शोधायला गेलात तर कधीकधी सगळ्या कॅबिनेटपेक्षा महाग पडतात. पुढच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली आत्ताच मागून घ्या.

मुंबईहून, लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या दुकानातून मागवणार असाल तर वजन विसरू नका. चोवीस डिस्कचं ४यू कॅबिनेट रिकामंसुद्धा वीस किलोच्या वर भरतं. आणि गाडीच्या डिकीत पावसापाण्यात आलेलं पार्सल उघडल्या उघडल्या पुसून उन्हात ठेवा, "उद्या बघू" म्हणू नका.

रिकामं करणं आणि धुणं

सगळं काढा. खरंच सगळं: मदरबोर्ड, पंखे, एसएमपीएस, बॅकप्लेन, पुढच्या बटणाचं लहान सर्किट, वायरी, प्लॅस्टिकचे हवेचे आडोसे. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. हार्डडिस्क आत राहिल्या असतील तर त्या ज्यांच्या होत्या त्यांना परत द्या किंवा त्यांच्यासमोर निकामी करा. एखाद्या पतसंस्थेच्या खातेदारांची माहिती तुमच्या माळ्यावर पडून राहायचं काही कारण नाही.

उरलेला नुसता पत्रा बिनधास्त पाण्यानं धुवा. ब्रशनं, भांड्यांच्या साबणानं. लोक इथं घाबरतात आणि कोरड्या फडक्यानं पुसून सोडून देतात. खाऱ्या हवेत नेमकं तेच चुकतं. मिठाचे कण धुळीत मिसळून पत्र्यावर बसलेले असतात आणि ते फक्त पाण्यानंच जातात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. जूनमध्ये स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच तुमच्या मदरबोर्डाखाली होत असतं. शेवटचा हात मात्र गोड्या पाण्याचा द्या. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं पाणी वापरलंत तर धुतलं काय आणि नाही काय, सारखंच.

कडक उन्हात दिवसभर सुकवा. मग गंजाच्या जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा आणि त्यावर झिंकचं प्रमाण जास्त असलेला कोल्ड गॅल्व्हनायझिंग स्प्रे मारा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दुकानदार सवयीनं रेडऑक्साइड पुढं करेल. ते साध्या लोखंडाला ठीक, जस्ताच्या मुलाम्यावर नीट धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात. गंज खाणारं ॲसिडही सगळीकडे ओतू नका, गंजाबरोबर चांगलं जस्तही ते खातं. स्टँडऑफच्या जागा, एसएमपीएस टेकतो ती कड आणि मागच्या खिडकीची चौकट यांवर रंग नको. तिथं धातूला धातू लागला पाहिजे.

हे सगळं दिवाळीनंतर ते मे अखेर या काळात करायचं काम आहे. पावसात मारलेला स्प्रे सादळून पांढरट होतो.

भोकं आणि स्टँडऑफ

या कामातला खरा धोका इथं आहे, म्हणून सावकाश.

मदरबोर्ड पत्र्याला टेकत नाही. पितळेच्या किंवा पत्र्यातूनच उठवलेल्या, साधारण साडेसहा मिलिमीटर उंच खुंट्यांवर तो उभा असतो. जुन्या सर्व्हर कॅबिनेटात या खुंट्या दोन प्रोसेसरच्या मोठ्या बोर्डासाठी लावलेल्या असतात. तुमच्या नव्या बोर्डाला त्यातल्या काही लागतील, काही अनाथ राहतील. अशी एक जरी अनाथ खुंटी बोर्डाच्या पाठीला एखाद्या सांध्यावर टेकली, तर पहिल्यांदा बटण दाबताच बोर्ड जाऊ शकतो. म्हणून नियम एकच: बोर्डला जितकी भोकं, तितक्याच खुंट्या. एकही जास्त नाही.

त्यातून जुन्या झिऑनच्या कॅबिनेटात आणखी एक भानगड असते. त्या काळच्या सॉकेट ६०४ आणि ७७१ च्या जड कूलरचे स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन थेट पत्र्यातल्या खुंट्यांत बसायचे, म्हणजे बोर्डवर भार येत नसे. या खुंट्या नेमक्या नव्या बोर्डाच्या प्रोसेसरखाली किंवा रॅमच्या जवळ येतात. काही स्क्रूनं निघतात. पत्र्यात दाबून बसवलेल्या असतील तर खालून ड्रिल मारून काढाव्या लागतात किंवा ग्राइंडरनं तासाव्या लागतात.

पुठ्ठ्याची युक्ती करा. नव्या बोर्डाखाली त्याच्याच डब्यातला पुठ्ठा ठेवून बोर्डाचा आकार आणि भोकं पेन्सिलीनं उतरवा, भोकं कापा. हा पुठ्ठा कॅबिनेटात मागच्या खिडकीला भिडवून ठेवा. खुंटी भोकातून वर आली तर ती राहणार. पुठ्ठ्याला खालून टेंगूळ आलं तर तिथं काढायची खुंटी आहे. भोकाखाली काहीच नाही तर तिथं नवी बसवायची.

नवी बसवायला इंचातले आटे पाडणारा टॅप शोधत बसू नका, तालुक्याच्या गावात तो मिळण्याची शक्यता कमी. एम३ (३ मिलिमीटरच्या) आट्यांच्या पितळी खुंट्या घ्या, ३.२ मिलिमीटरचं भोक पाडा, खालून नट आणि वॉशर लावा. टॅप मारणारच असाल तर एम३ला २.५ मिलिमीटरचं ड्रिल. सगळ्या खुंट्या एका उंचीच्या आहेत ना ते बोर्ड ठेवण्याआधी पट्टी आडवी धरून बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानंही बोर्ड पिळतो.

जुन्या डब्यात सुटे स्क्रू दोन जातींचे निघतील, जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. मोठ्या हार्डडिस्कला जाड, एसएसडीला बारीक. जबरदस्तीनं फिरवायचा मोह टाळा. नवे घ्यायचे तर स्टेनलेसचे घ्या, किनाऱ्यावर फार फरक पडतो.

भोक पाडून झालं की पत्र्याचा कीस. तो फुंकून जात नाही. आधी ओल्या फडक्यानं, मग चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या कोपऱ्यांतून फिरवा, पिशवी उलटी करून कीस टाका, पुन्हा फिरवा. पिशवीला काही लागेनासं होईपर्यंत. भोकांच्या कडा कानशीनं मारा आणि त्या उघड्या कडांना झिंक स्प्रेचा एक थेंब काडीनं लावा.

पाठीमागची खिडकी प्रमाण मापाची, १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर असेल तर नव्या बोर्डाबरोबर आलेली पट्टी तिच्यात खटकन बसते. काही कॅबिनेटांत मात्र पत्र्यालाच जुन्या बोर्डाच्या पोर्टची भोकं पाडलेली असतात. मग ही खिडकी कापून घ्यावी लागते आणि हे काम फॅब्रिकेशनवाल्याकडे द्या. बारीक चकतीनं तो दहा मिनिटांत करून देईल. हाताच्या करवतीनं तुम्ही दिवसभर झगडाल आणि खिडकी तरीही तिरकी येईल.

एसएमपीएस

जुना वापरू नका. दोन पाकिटांचा, एक जळला तर दुसरा चालणारा एसएमपीएस बघून हरखून जायला होतं, पण त्याचे कॅपॅसिटर दहा-पंधरा वर्षं तापलेले असतात, ४० मिलिमीटरचे पंखे झोपू देत नाहीत आणि नव्या बोर्डाला लागणारे सगळे प्लग त्यावर असतीलच असं नाही. चांगल्या कंपनीचा नवा ४५० ते ५५० वॅटचा घ्या. प्रमाण एसएमपीएसचं तोंड १५० बाय ८६ मिलिमीटर असतं. सर्व्हरची जागा वेगळ्या मापाची असेल तर दीड मिलिमीटरच्या पत्र्याची चौकट कापून मध्ये बसवायची.

पंखे

कॅबिनेटच्या मधोमध पंख्यांची भिंत असते: ८० मिलिमीटरचे, ३८ मिलिमीटर जाडीचे तीन-चार पंखे. वारा जबरदस्त, आवाजही तसाच. यांच्यावर लिहिलेले अँपिअर वाचा. मदरबोर्डावरच्या पंख्याच्या एका जोडाला साधारण १ अँपिअरची मर्यादा असते आणि सर्व्हरचे बरेच पंखे त्याहून जास्त ओढतात. ते तिथं लावू नका. भिंत काढून तिथं १२० मिलिमीटरचे तीन पंखे बसतात का बघा. ४यूमध्ये बहुधा बसतात. पत्र्याची नवी भिंत करायची नसेल तर जाड ॲक्रिलिकमध्ये गोल कापून घ्या.

पंख्यांच्या वर आणि बाजूला फट ठेवू नका. फट राहिली की मागची गरम हवा पुन्हा पुढं येते आणि पंखे तीच ती हवा घुसळत बसतात. फोमची पट्टी चिकटवा.

पुढून जेवढी हवा आत येते, त्याहून मागून थोडी कमी बाहेर जाईल असं ठेवा. मग धूळ फटींतून आत शिरत नाही, फिल्टरमधूनच येते. पुढच्या जाळीला नायलॉनची बारीक फिल्टर-जाळी लावा आणि महिन्यातून एकदा धुवा. मार्च-एप्रिलात भाजावळी पेटतात तेव्हा पंधरवड्यातून एकदा. ती काजळी चिकट असते.

रिकाम्या कार्डांच्या जागी मागं पट्ट्या लावल्याच पाहिजेत. हवेच्या हिशेबानं तर हव्यातच, पण त्याहून पालीसाठी. उबेला पाल आत येते, अंडी घालते आणि एखाद्या दिवशी नको त्या दोन टोकांना एकदम शिवते. तिचंही जातं, बोर्डाचंही.

पुढचं बटण

सर्व्हरच्या पुढच्या पॅनलमधून एकच चपटी केबल येते आणि तिचा प्लग घरगुती मदरबोर्डात बसत नाही. घाबरू नका. आपल्याला त्यातल्या दोनच तारा हव्यात, चालू करायच्या बटणाच्या. मल्टिमीटर बीपवर ठेवा, दोन दोन पिनांना टोकं लावा आणि बटण दाबा. दाबल्यावर वाजेल आणि सोडल्यावर थांबेल ती जोडी. सुपरमायक्रोच्या बहुतेक पॅनलवर ती १ आणि २ क्रमांकाच्या पिनांवर असते, ३ आणि ४ वर रीसेट. मिळालेल्या दोन तारा मदरबोर्डावरच्या नऊ पिनांच्या जोडात ६ आणि ८ वर लावा. बटणाला उलटसुलट नसतं.

दिव्यांना असतं. बोर्डावर २ ही पॉवरच्या दिव्याची अधिक आणि ४ उणे, डिस्कच्या दिव्याची १ अधिक, ३ उणे. जुन्या पॅनलवरचे दिवे कधीकधी वेगळ्या व्होल्टेजची अपेक्षा करतात. नाहीच लागले तर पाच रुपयांचा नवा एलईडी बसवा आणि विषय संपवा.

डिस्कचे कप्पे

डिस्कच्या मागं उभी पाटी असते तिला बॅकप्लेन म्हणतात. प्रत्येक डिस्कला वेगळा साटा जोड (घरगुती कॉम्प्युटरात डिस्क जोडायचा नेहमीचा) असलेली पाटी असेल तर नशीब उघडलं: साध्या साटा केबली लावा, झालं. चार डिस्कना मिळून एक चपटा जोड, एसएफएफ-८०८७, असेल तर मदरबोर्डाच्या साटा पोर्टपासून तिथं जायला 'रिव्हर्स ब्रेकआउट' केबल लागते. 'फॉरवर्ड' केबल दिसायला हुबेहूब तशीच, पण ती उलट दिशेला चालते. ऑर्डर देताना शब्द नीट वाचा. आणि एका जोडावर अनेक डिस्क चालवणारी एक्स्पांडर चिप असलेली, पहिल्या पिढीची एसएएस (सर्व्हरच्या डिस्क जोडायची पद्धत) पाटी असेल, उदाहरणार्थ सुपरमायक्रोच्या ८४६ मालिकेतली जुनी ईएल१, तर २ टीबीहून मोठ्या डिस्क तिच्यावर धड चालत नाहीत. ती काढा आणि डिस्कना थेट केबल द्या. ट्रेची मजा जाते, काम चालतं.

विजेचं लक्षात ठेवा. मोठी हार्डडिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर १६ अँपिअर, म्हणजे दोनशे वॅटच्या घरात. बॅकप्लेनवर वीज घ्यायचे चार पिनांचे दोन-तीन जोड असतात ते त्यासाठीच. ते एसएमपीएसच्या वेगवेगळ्या वायरींवरून भरा, एकाच वायरीवरून ओवू नका. चार पिनांवरून साटा वीज देणारे, प्लॅस्टिक ओतून बंद केलेले स्वस्त अडॅप्टर मिळतात. त्यांनी आगी लागलेल्या आहेत. घेऊ नका.

जोडणी

घरच्या फायली, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, फोटो स्टुडिओचा साठा किंवा आंब्याच्या पेढीची बिलं, यांतल्या कशालाही अवजड प्रोसेसर लागत नाही. ६५ वॅटचा रायझन ५ ५६००जी किंवा ६० वॅटचा कोअर आय३-१२१०० पुरेसा. दोन्हींत ग्राफिक्स आतच आहे, वेगळं कार्ड नको. १६ जीबी रॅम, एक एसएसडी, मायक्रो एटीएक्स बोर्ड.

आधी सगळं कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्यावर मांडून चालू करा. पडद्यावर बायोस आला, रॅम आणि डिस्क दिसल्या, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टनं रात्रभर चालून चूक दाखवली नाही, की मगच आत न्या. आत बसवल्यावर बिघाड निघाला तर तो कॅबिनेटाशी संबंधित आहे हे त्यामुळं कळतं आणि अर्धी शोधाशोध वाचते. वीज जोडण्याआधी बोर्डाची पाठ आणि खुंट्या यांच्यात टॉर्च मारून एकदा आडवं बघून घ्या.

बायोसमध्ये पंखे कमीत कमी ३० टक्क्यांवर ठेवा, पूर्ण बंद होऊ देऊ नका. वीज गेल्यावर परत आली की आपोआप सुरू व्हायची सोय असते. यूपीएस असेल तरच ती चालू करा. नाहीतर लाइट तीनदा ये-जा करते तेव्हा यंत्रही तीनदा गटांगळ्या खातं.

पाऊस, वीज आणि अर्थिंग

कोकणात कॉम्प्युटर उन्हानं कमी आणि ओलाव्यानं जास्त मरतात. पावसाळ्यात "वापरत नाही तर बंद ठेवू" हा सगळ्यात वाईट विचार. हवा २७ अंशांवर आणि आर्द्रता ९० टक्के असेल, आणि तीच हवा कॅबिनेटात ३५ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता साधारण ५७ टक्क्यांवर येते. मिठाला पाणी सुटायच्या मर्यादेच्या बरीच खाली. म्हणजे चालू यंत्र स्वतःला कोरडं ठेवतं. जून ते सप्टेंबर चालू राहू द्या, निदान दिवसातले काही तास तरी. गावी कुलूप लावून मुंबईला जाणार असाल तर डिस्क आणि बोर्ड काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रिकामा पत्रा राहतो तिथं राहू द्या.

जागा निवडताना जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर तरी लांब, कारण ती भिंत पावसात घाम सोडते. जमिनीपासून चार बोटं वर, लाकडी चौकटीवर. समुद्राकडच्या खिडकीसमोर नको, पडवीत तर मुळीच नको. माळा बरा वाटतो, पण कौलांखाली एप्रिलमध्ये काय उष्मा होतो ते तिथं एकदा दुपारी बसून बघा.

अर्थिंगकडे आपण सगळेच काणाडोळा करतो. सर्व्हरचं कॅबिनेट म्हणजे उघडा धातू. घरात लहान मुलं असतील तर हा प्रश्न शोभेचा नाही. सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, घरांत जांभा पाणी धरत नाही, मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो आणि प्लगच्या तिसऱ्या पिनेला काही अर्थ उरत नाही. मल्टिमीटरनं सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. पंधरा-वीस दिसलं किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वायरमनला बोलवा आणि तोपर्यंत यंत्र लावू नका. दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर तर कधीच नाही. खड्ड्यात उन्हाळ्यात दोन-चार बादल्या पाणी ओतायची जुनी पद्धत अजून उपयोगाची आहे.

इन्व्हर्टर आणि यूपीएस एक समजू नका. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर नव्या एसएमपीएसमधून गुणगुण येते, कधी तो बंदच पडतो. शुद्ध साइन लाटेचा इन्व्हर्टर असेल तर चालेल. नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. त्यातून बहुधा ३६० वॅट मिळतात, या यंत्राला भरपूर झाले. उद्देश तासभर चालवायचा नाही, नीट बंद करायला पाच मिनिटं मिळवायचा आहे.

मेच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरात गडगडायला लागलं की प्लग काढा. स्विच बंद करणं पुरत नाही. आणि प्लगबरोबर लॅनची केबलही काढा. छपरावरच्या अँटेनातून किंवा आवारातल्या कॅमेऱ्यांतून येणाऱ्या तांब्याच्या केबलीतून आलेल्या झटक्यानं बोर्ड गेल्याची उदाहरणं गावोगाव सापडतात. कॅमेरे लांब असतील तर मध्ये फायबरचा एक तुकडा टाकून घेतलेला बरा, त्यातून वीज येत नाही.

काढलेला जुना बोर्ड, एसएमपीएस आणि मेलेल्या डिस्क उरतील. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यामुळं हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या हाती देऊ नका. पंखे, स्क्रू, ट्रे आणि प्लॅस्टिकचे आडोसे मात्र एका डब्यात नाव घालून ठेवा, पुढच्या कॅबिनेटला यांतलंच काहीतरी कमी निघतं.